‘हा आजार आपल्यात नसतो’

दिग्रसच्या आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मागच्या सफमध्ये प्लास्टिकच्या चार खुर्च्या असायच्या. त्यांच्यावर बसून नमाज पढणारे सगळे साठीच्या पुढचे. २०२२ मध्ये तिथे पाचवी खुर्ची आली. तिच्यावर बसणारा माझा मावसभाऊ होता. वय ३४.

भावाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात आणि तो दिवसभर जमिनीवर मांडी घालून तांब्याची तार गुंडाळतो. आधी त्याचा गुडघा दुखू लागला. एक्स-रे काढला, गुडघा ठीक होता. मलम, गोळ्या, पट्टा. मग दुखणं मांडीत आणि जांघेत सरकलं. ‘सायटिका आहे’ असं ऐकून त्याने सहा महिने पाठीचे व्यायाम केले. मांडी घालणं बंद झालं, मग सजदा बंद झाला. शेवटी मोठ्या शहरात एमआरआय झाला तेव्हा कळलं की पाठ आणि गुडघा दोन्ही निर्दोष आहेत. खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे आतून मरत चालला आहे. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. खुब्याचं दुखणं कित्येकदा गुडघ्यात जाणवतं आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत हा आजार दिसत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं.

डॉक्टरांनी विचारलं, ‘दारू किती घेता?’ प्रश्न बरोबरच होता, कारण मोठ्या माणसात एव्हीएनची नेहमीची दोन कारणं म्हणजे दारू आणि स्टेरॉईड. पण तो विचारला गेला गर्दीच्या ओपीडीत, सासऱ्यांसमोर. ज्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, त्याच्याबद्दल आठवडाभरात मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली. पुढचा प्रश्न, ‘कोरोनात स्टेरॉईड घेतलं होतं का?’ २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पाच दिवस घेतलं होतं. कोरोनानंतर एव्हीएनचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या त्या काळात मुंबईहून येतच होत्या. कारण सापडलं, विषय संपला. खुबा बदलण्याची तारीख ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर तपासायला आल्या. त्यांनी पोटावरचा जुना व्रण पाहिला. ‘हे कशाचं?’ पित्ताशयातले खडे. ‘किती वर्षांचे होतात?’ बावीस. ‘डोळे पिवळे कधीपासून?’ लहानपणापासून अधूनमधून कावीळ होते, झाडपाल्याचं औषध घेतलं की उतरते. ‘हिमोग्लोबिन नेहमीच नऊच्या आसपास?’ हो, अशक्तपणा घराण्यातच आहे. त्यांनी पोट चाचपलं तर प्लीहा वाढलेली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘उद्याचं ऑपरेशन थांबवा. आधी एचपीएलसी करा.’

एचपीएलसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. रिपोर्ट आला: सिकलसेल-बीटा थॅलेसेमिया. नुसत्या वाहकाच्या रक्तात साधं ‘ए’ हिमोग्लोबिन जास्त आणि सिकलचं ‘एस’ कमी असतं. भावाच्या रिपोर्टमध्ये उलट होतं आणि ‘ए-२’ नावाचा प्रकारही वाढलेला होता. नंतर आई-वडिलांची तपासणी झाली. वडील सिकलसेलचे वाहक, आई बीटा थॅलेसेमियाची वाहक. दोघांनाही आयुष्यात कधी काही त्रास नाही. मुलाला दोघांकडून एकेक बिघाड मिळाला आणि दोन्ही मिळून आजार झाला.

एचपीएलसी न करता भूल दिली असती तर काय झालं असतं, हे मी त्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की सिकलच्या रुग्णाला ऑपरेशनमध्ये थंडी वाजली, पाणी कमी पडलं किंवा प्राणवायू कमी झाला तर रक्तपेशी जागोजागी अडकू शकतात. फुप्फुसात अडकल्या तर जिवावर बेततं. आजार माहीत असेल तर आधी रक्त देऊन, सलाईन लावून, अंग उबदार ठेवून तेच ऑपरेशन सुरक्षित करता येतं. पुढे त्याचं ऑपरेशन झालं आणि नीट झालं. हे सगळं मी भावाच्या परवानगीने लिहितोय.

तिकीट बंद, बिघाड चालू

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे तक्रार आली की तिचं ‘तिकीट’ तयार होतं, ते एखाद्या टीमकडे जातं आणि उत्तर मिळालं की बंद होतं. सर्वात त्रासदायक बिघाड तो, ज्याची सहा तिकिटं सहा टीमकडे गेलेली असतात. प्रत्येक टीम आपलं तिकीट प्रामाणिकपणे बंद करते आणि बिघाड तसाच राहतो.

भावाचं तेच झालं. कावीळ वैद्याकडे, अशक्तपणा जनरल डॉक्टरकडे, पित्ताशय सर्जनकडे, गुडघा हाडांच्या डॉक्टरकडे, पाठ फिजिओथेरपीकडे. कुणीही हलगर्जीपणा केला नाही, सुटी सुटी उत्तरं आपापल्या जागी पटण्यासारखी होती. पण लाल पेशी वेळेआधी फुटत असतील तर एकाच कारणातून रक्त कमी होतं, डोळे पिवळे होतात, पित्ताशयात खडे होतात आणि प्लीहा वाढते. त्याच पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात तेव्हा हाड मरतं. एका रोगाची पाच तिकिटं आम्ही पाच पिशव्यांत ठेवली होती.

हा बिघाड किती छोटा आहे ते पाहून इंजिनीअरला घाम फुटतो. माणसाच्या जनुकीय मजकुरात सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं एक अक्षर बदललेलं असतं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा विळ्यासारख्या पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचा रुग्ण लहान मूल नव्हता, ग्रेनाडाहून शिकायला आलेला विशीतला तरुण होता. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. आज विदर्भ हा त्याच्या मोठ्या पट्ट्यांपैकी एक आहे आणि यवतमाळ त्यात येतो.

तरी आपल्या डोक्यात सिकलसेल म्हणजे हातपाय सुजलेलं, रडणारं लहान मूल. मोठेपणी त्याचे चेहरे वेगळे असतात. कुणाचा खुबा जातो. कुणाच्या छातीत दुखतं, ताप येतो, न्यूमोनिया म्हणून उपचार होतात आणि प्रत्यक्षात तो ‘अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम’ असतो. कुणाच्या घोट्याजवळची जखम वर्षभर भरत नाही. कुणाच्या डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव होतो, कुणाला तरुणपणी पक्षाघात. तरुण पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही: लिंगाला कारण नसताना तासन्‌तास राहणारी, दुखणारी ताठरता. ती चार तासांवर गेली तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो, नाहीतर कायमचं नुकसान होतं. लाजेने घरी बसलेला मुलगा डॉक्टरच्या कोणत्याही नोंदीत येत नाही. मग निदान कोण करणार?

झुडूप हललं तर

डॉक्टरांची बाजूही समजून घेऊ. आपल्याकडे रात्री शेतात झुडूप हललं तर शेतकरी आधी रानडुक्कर समजतो. बरोबर समजतो, कारण बहुतेक वेळा रानडुक्करच असतं. पण २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांना वाघिणीने शिकवलं की ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. कंबरदुखीचे शंभर रुग्ण पाहणारा डॉक्टर पहिल्या मिनिटाला सिकलसेलचा विचार करणार नाही आणि करूही नये. मात्र उपचाराने दुखणं हटत नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला ‘आपण काय गृहीत धरलं होतं?’ हा प्रश्न यायला हवा.

इथे दोन गृहीतकं होती. एक, सिकलसेल लहानपणीच कळतो. दोन, तो मुसलमानांना होत नाही.

दुसरं गृहीतक हवेतून आलेलं नाही. विदर्भात सिकलसेलचं ओझं सर्वात जास्त गोंड, परधान अशा आदिवासी समाजांवर आणि बौद्ध समाजावर आहे. वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, त्यामुळे मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही आदिवासीबहुल भाग डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे: ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. जिथे ओझं जास्त तिथे आधी जाणं योग्यच आहे, आणि त्यांच्या वाट्याचं काही काढून आपल्याला द्या असं मी म्हणत नाही. पण यादीची कड म्हणजे आजाराची कड नव्हे. इतर समाजांतही कमी प्रमाणात रुग्ण आढळतात. थॅलेसेमियाचे वाहक तर देशभर जवळपास सगळ्या समाजांत आहेत. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर आणि भारतात सिकलच्या जनुकाची मूळ ठेवण एकच आढळते. शास्त्रज्ञ तिला ‘अरब-इंडियन’ म्हणतात. जनुकाने जात किंवा कलमा विचारल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही.

खाला म्हणाली

सर्वात अवघड निदान दवाखान्यात नाही, घरी झालं. रिपोर्ट वाचून दाखवल्यावर खाला म्हणाली, ‘हा आजार आपल्यात नसतो. त्या लोकांमध्ये असतो.’ दोन वाक्यं, आणि त्यांच्यात आपला सगळा आजार आहे. ज्यांनी आपल्याला ‘ते लोक’ म्हटलं की आपल्याला झोंबतं, तेच आपण शेजारच्या वस्तीबद्दल सहज बोलून जातो. अशा बोलण्याची किंमत तिच्याच मुलाने खुब्याने मोजली.

त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. वडिलांच्या बाजूचे एक चुलते तरुणपणी ‘हाडांच्या तापाने’ गेले होते. आईच्या मामेबहिणीच्या बाळाला दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी सांगितलं नव्हतं, कारण ‘मुलींची लग्नं व्हायची आहेत’.

लग्न व्हायचंच होतं. भावाच्या धाकट्या बहिणीचं नातं सख्ख्या मामेभावाशी ठरलं होतं. तिची तपासणी केली, ती सिकलची वाहक निघाली. आईच्या बाजूला थॅलेसेमिया आहे हे आता माहीत होतं. मी कागदावर हिशेब मांडला. आई वाहक, तेव्हा मामा वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी आणि त्याच्या मुलाची त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजारी बाळाची शक्यता पुन्हा चारात एक. दोन्ही मिळून सोळात एक. ‘सोळात एक म्हणजे काहीच नाही’, मामा म्हणाले. मी म्हणालो, ‘मामू, सोळात एक हा आकडा फक्त न तपासलेल्यांसाठी आहे. तपासलं की तो एकतर शून्य होतो किंवा चारात एक. खरं उत्तर आजही मुलाच्या रक्तात आहेच.’

दोन महिने दोन्ही घरांत अबोला होता. ‘रिश्ता तुटला तर जबाबदार कोण?’ असं मला विचारलं गेलं. कोंडी बहिणीनेच फोडली. ती म्हणाली, ‘माझा रिपोर्ट सगळ्या खानदानाने वाचला. आता एक कागद त्यांचाही वाचू द्या.’ मुलगा स्वतःहून गेला. रिपोर्ट निर्दोष आला, निकाह झाला. त्यांची मुलं वाहक असू शकतील, आजारी नाही.

गोष्ट गोड झाली म्हणून माझं म्हणणं खरं ठरत नाही. रिपोर्ट उलटा आला असता तरी तपासणी बरोबरच होती. तेव्हा दोघांसमोर अवघड पण उघड्या डोळ्यांनी घ्यायचे निर्णय असते. लग्न, मूल, गर्भाची तपासणी हे सगळं त्यांचं त्यांनी ठरवलं असतं. नात्यात लग्न करण्याची रीत मराठी मुलखात आपल्यापुरतीच नाही, मामेबहीण-आतेभावाची लग्नं हिंदू घरांतही होतात. मी रीत मोडा म्हणत नाही. नात्यात बिघाड जुळण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथे रक्त आधी पाहा, एवढंच म्हणतो. कुंडली न पाहणाऱ्या आपल्याला एचपीएलसी पाहायला काय हरकत आहे?

२०१७ चा धडा

यवतमाळला न ओळखलेल्या गुंतागुंतीची किंमत आधीही मोजावी लागली आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. शेतात काय फवारलं, कशात काय मिसळलं, हे कित्येकांना सांगता येत नव्हतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषाची बाधा ओळखायला रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजावं लागतं, आणि ती सोय वेळेवर हाताशी नसल्याची तक्रार तेव्हा सतत होत होती. या विषाचा कावा असा की रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत मानेचे व श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. काही जणांना दोन-तीन आठवड्यांनी हातापायांत लुळेपणा येतो. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी नेलेला माणूस त्यामुळे हाती लागत नाही.

सिकलसेल आणि फवारणीचं विष यांचा एकमेकांशी संबंध नाही, धडा मात्र एकच आहे. दुर्मीळ गुंतागुंत हुशार डॉक्टरच्या एका नजरेत सापडते असं सिनेमात दिसतं. खऱ्या आयुष्यात ती तीन गोष्टींनी सापडते: रुग्णाने पुरी हकिकत सांगणं, डॉक्टरने ती ऐकायला वेळ असणं, आणि खात्री करणारी तपासणी जवळ असणं. त्यातली एक जरी निसटली तरी बाकीच्या दोन लंगड्या पडतात.

माझे मित्र विचारतात, ‘आता एआय आहे ना, लक्षणं टाकली की आजार सांगतो.’ मी याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. भावाचं गुडघेदुखीचं वाक्य मी एका अ‍ॅपमध्ये टाकलं तेव्हा त्याने गुडघ्याचेच आजार सांगितले. बाविसाव्या वर्षीचे खडे, कावीळ, हिमोग्लोबिन आणि ते चुलते टाकल्यावर सिकलसेल दुसऱ्या ओळीत आला. यंत्राने हुशारी केली नाही, आम्ही या वेळी खरं सांगितलं. घराने लपवलेली गोष्ट कोणत्याही मॉडेलला माहीत नसते. आणि यादी म्हणजे निदान नव्हे. यादी घेऊन डॉक्टरकडे जा, औषधाच्या दुकानात नको.

मग आपण काय करायचं?

घरातल्या प्रत्येकाची एकच फाइल ठेवा. तिच्यावर एका पानाची वेळेची ओळ लिहा: कोणत्या वर्षी काय झालं, कोणतं ऑपरेशन, रक्त चढवलं का, हिमोग्लोबिन किती. जुने रिपोर्ट ‘आता काय कामाचे’ म्हणून फेकू नका. सिकलसेलच्या शिबिरातली साधी सोल्युबिलिटी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर तिथेच थांबू नका. ती वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक सांगत नाही, पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावीच लागते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते आवर्जून सांगा, रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

तीन पिढ्यांची वंशावळ काढा. आपल्याकडे दादी-नानीला सात पिढ्या तोंडपाठ असतात. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, कोण तरुणपणी गेलं, कुणाला रक्त चढायचं, कुणाची मुलं जगली नाहीत. हे काम ईदच्या सुट्टीत दोन तासांत होतं.

मोहल्ल्याच्या कमिट्यांनी निकाहच्या आधी मुलगा आणि मुलगी दोघांच्या तपासणीची सवय लावावी. दोघांच्या, फक्त मुलीच्या नाही. आणि रिपोर्ट त्या दोघांच्या हातात द्यावा, जमातीच्या नाही.

सरकारकडे मागायच्या गोष्टीही साध्या आहेत. एचपीएलसी तालुक्याच्या माणसाला सहज मिळावी. सिकलच्या रुग्णाची देखभाल लहानपणानंतर सुटू नये, खुबा आणि डोळे यांची ठरावीक काळाने तपासणी व्हावी. लक्षणं जुळली तर आडनाव न पाहता प्रश्न विचारला जावा. आणि ज्यांना निदान मिळालं आहे त्यांना हक्क माहीत व्हावेत: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत.

‘प्रत्येक कंबरदुखीला एवढ्या तपासण्या केल्या तर गरीब माणूस मरेल’, असं एक डॉक्टर मित्र म्हणाला. खरं आहे. म्हणूनच मी तपासणीच्या आधी प्रश्न मागतोय. ‘लहानपणी कावीळ झाली होती का?’ या प्रश्नाला एक रुपया लागत नाही. भावाला तो चौतीस वर्षांत एकाच बाईने विचारला.

भाऊ आता हायड्रॉक्सीयुरिया घेतो, पाणी भरपूर पितो, दुकानात उंच बाकावर बसून तार गुंडाळतो. दुसऱ्या खुब्यातही सुरुवात झालेली दिसली, पण लवकर दिसली, तो वाचवायची धडपड चालू आहे. पहिला खुबा तीन वर्षं आधी कळला असता तर वाचला असता का, हे मी त्याला विचारलेलं नाही आणि त्याने मला विचारलेलं नाही.

मशिदीतली पाचवी खुर्ची अजून आहे. गेल्या रमजानमध्ये तिच्या शेजारी आणखी एक तरुण बसलेला दिसला. नमाज झाल्यावर भाऊ त्याच्याकडे वळला. सलाम केला, आणि दुसरंच वाक्य विचारलं, ‘लहानपणी कावीळ झाली होती का?’